कप्प्याच्या सीमा : स्तनवर्धनानंतरचे स्थानदोष आणि त्यांची दुरुस्ती

स्तनवर्धनासाठी बसवलेले इम्प्लांट छातीवर अपेक्षित जागी न राहणे याला स्थानदोष म्हणतात. व्याख्या सोपी दिसते. परंतु ‘अपेक्षित जागा’ निश्चित केल्याशिवाय तिला अर्थ येत नाही. ही जागा चार खुणांच्या सापेक्ष ठरते : स्तनाग्र, स्तनाखालची घडी, उरोस्थीची मध्यरेषा आणि काखेची पुढची रेषा. स्त्री उभी असताना इम्प्लांटचा सर्वांत पुढे आलेला भाग स्तनाग्राच्या मागे किंवा किंचित खाली असावा. त्याची खालची कडा घडीवर टेकलेली असावी. आतली कडा उरोस्थीवर चढलेली नसावी आणि बाहेरची कडा काखेच्या रेषेमागे फार गेलेली नसावी. यांपैकी एकही संबंध ठळकपणे बिघडला तर स्थानदोष आहे असे म्हणावे.

या व्याख्येतून दोन गोष्टी आधीच वगळल्या पाहिजेत. पहिली, जन्मजात विषमता. दोन्ही स्तन, दोन्ही बाजूंच्या बरगड्या आणि दोन्ही घड्या तंतोतंत सारख्या असणारी स्त्री विरळा. शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे आणि मोजमापे हाताशी नसतील तर जुनी विषमता नव्या दोषाच्या नावाने नोंदली जाते. दुसरी, आभासी स्थानदोष. इम्प्लांट जागच्या जागी असते; परंतु वय, गर्भारपण किंवा वजनातील उतार यांमुळे ग्रंथी आणि त्वचा त्याच्यावरून ओघळून खाली येतात. पाहणाऱ्याला इम्प्लांट वर सरकल्यासारखे वाटते. येथे सैल झालेली त्वचा आणि ग्रंथी आवरून स्तनाग्र वर घेणे, म्हणजे स्तनोन्नयन, हा उपाय आहे. निरोगी कप्प्यात हात घालण्याचे कारण नाही. या दोन प्रकारांना वास्तव स्थानदोषापासून वेगळे करणे ही निदानाची पहिली पायरी होय.

वास्तव स्थानदोष समजण्यासाठी इम्प्लांटपेक्षा त्याचा कप्पा आधी समजावा लागतो. सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या शल्यचिकित्सकांनी बसवले. त्यानंतर कवच, जेल आणि आकार पुष्कळ बदलले. मूळ क्रिया मात्र तीच राहिली. ऊती सोडवून एक पोकळी करायची आणि तीत वस्तू ठेवायची. ही पोकळी ग्रंथीच्या मागे पण छातीच्या मोठ्या स्नायूच्या पुढे असू शकते, स्नायूवरील पातळ प्रावरणीच्या खाली असू शकते किंवा स्नायूच्या मागे असू शकते. डॅलस येथील जॉन टेबेट्स यांनी २००१ मध्ये मांडलेल्या द्विस्तर पद्धतीत इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली राहतो. स्नायूखालच्या शस्त्रक्रियांत हा प्रकार आज फार रूढ आहे. कोणत्याही स्तरात केला तरी कप्प्याला मागची भिंत, पुढची भिंत आणि वरची, खालची, आतली व बाहेरची अशा चार सीमा असतात. इम्प्लांटची जागा या चार सीमांनी ठरते.

या सीमा शस्त्रक्रियेच्या दिवशी शल्यचिकित्सक आखतो. त्या पक्क्या मात्र शरीर करते. परकी वस्तू आत आली की तिच्याभोवती तंतुमय ऊतींचे आवरण तयार होते. ही प्रक्रिया प्रत्येक स्त्रीत घडते आणि ती स्वतः विकृती नाही. आवरणातील कोलॅजनचे तंतू हळूहळू रचले जातात, त्याची आतली बाजू गुळगुळीत होते आणि पोकळीचा जो आकार त्या वेळी असेल त्याचाच साचा कायम होतो. म्हणून कप्पा बाहेरच्या बाजूला दोन सेंटीमीटर जास्त सोडवला गेला असेल तर ती चूक आपोआप भरून येत नाही. उलट तिला अस्तर लागते. यावरून या विवेचनाचा आधारभूत सिद्धान्त निघतो : स्थानदोष हा इम्प्लांटचा दोष नसून कप्प्याच्या एखाद्या सीमेचा दोष आहे. जी सीमा चुकली ती ओळखल्याशिवाय केलेली दुरुस्ती बहुधा त्याच दोषाकडे परत जाते.

सीमा चुकते कशी, हा पुढचा प्रश्न. कारणांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात शस्त्रक्रियेच्या वेळची कारणे येतात : कप्पा गरजेपेक्षा मोठा किंवा लहान करणे, घडी विनाकारण खाली उतरवणे, स्नायूचे उरोस्थीलगतचे मूळ तोडणे, इम्प्लांट छातीच्या रुंदीपेक्षा रुंद निवडणे. दुसऱ्या वर्गात ऊतींची कारणे येतात : पातळ आणि ताणली जाणारी त्वचा, जोडऊतींचा जन्मजात सैलपणा, वजनातील मोठा उतार. सर ॲस्टली कूपर यांनी १८४० मधील स्तनशरीररचनेवरील ग्रंथात ज्या आधारबंधांचे वर्णन केले ते ग्रंथीला त्वचेशी व प्रावरणीशी बांधतात. स्वतःच्या स्तनाचे वजन पेलणे हे त्यांचे काम. त्यात इम्प्लांटची भर पडते. साडेतीनशे मिलिलिटरच्या सिलिकॉन इम्प्लांटचे वजन सुमारे ३४० ग्रॅम भरते आणि हा भार स्त्री उभी किंवा बसलेली असताना अखंड खालच्या सीमेवर पडतो. तिसऱ्या वर्गात आवरणाची कारणे येतात. आवरण आक्रसले तर ते इम्प्लांटला दाबून बहुधा वर ढकलते. आवरण अतिपातळ राहिले तर ते काहीच धरून ठेवत नाही.

या तिसऱ्या वर्गाला अलीकडे एक ऐतिहासिक परिमाण आले आहे. खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट आवरणाला कमीअधिक चिकटून राहतात आणि त्यामुळे कमी सरकतात. गुळगुळीत इम्प्लांट कप्प्यात मोकळेपणाने फिरतात. खरखरीत पृष्ठभागाशी संबंधित एका दुर्मिळ लिम्फोमामुळे जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या विनंतीवरून ॲलर्गन कंपनीने आपली ‘बायोसेल’ पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. त्यानंतर अनेक शल्यचिकित्सक गुळगुळीत पृष्ठभागाकडे वळले. कर्करोगाचा धोका टाळण्यासाठी हा निर्णय योग्यच होता. पण पूर्वी जी पकड पृष्ठभाग देत असे ती आता कप्प्याच्या अचूकतेतून आणि ऊतींच्या बळातून मिळवावी लागते. स्थानदोषाचा प्रश्न त्यामुळे आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

आता दिशांनुसार प्रकार पाहू. चार दिशांचे चार प्रकार आणि दिशेशी संबंध नसलेले दोन, असे सहा प्रकार होतात. त्यांना सारखे महत्त्व देण्याचे कारण नाही. खालच्या सीमेचा दोष सर्वांत गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्याचा विचार आधी आणि विस्ताराने करावा लागेल.

खालच्या दिशेच्या स्थानदोषात इम्प्लांट घडीखाली उतरते, स्तनाचा वरचा भाग रिकामा होतो आणि स्तनाग्र वर आकाशाकडे पाहू लागते. कित्येकदा स्तनाग्रवलय अंतर्वस्त्राच्या कडेवर येते आणि तीच स्त्रीची पहिली तक्रार असते. या एका चित्रामागे तीन वेगळ्या घटना असू शकतात. (१) घडीच खाली गेलेली असते : शस्त्रक्रियेत तिचे आधार सुटलेले असतात किंवा भाराने सुटलेले असतात. (२) घडी जागेवर असते, पण स्तनाग्र व घडी यांमधील त्वचा ताणून लांब झालेली असते. (३) नवी घडी खाली तयार होते, जुनी मात्र पुरती सुटत नाही. स्तनाच्या खालच्या भागावर तिची आडवी रेघ उमटते आणि एकाखाली एक असे दोन फुगवटे दिसतात. पहिल्या दोन घटनांमधला भेद ओळखण्याची एक खात्रीची खूण आहे. मूळ छेद घडीत घेतला गेला असेल तर त्याचा व्रण कुठे आहे ते पाहावे. घडी उतरली असेल तर व्रण घडीच्या वर, स्तनाच्या अंगावर दिसतो. त्वचा ताणली असेल तर व्रण घडीतच राहतो आणि त्याच्या वरचे अंतर वाढलेले असते. पहिल्यात घडी वर बांधावी लागते. दुसऱ्यात घडीला हात लावणे चूक ठरते आणि जास्तीची त्वचा आडवी काढणे किंवा भार कमी करणे हा मार्ग उरतो. तिसरी घटना, म्हणजे दुहेरी फुगवटा, विशेषतः अरुंद आणि आवळलेल्या खालच्या भागाच्या स्तनांत संभवते. तेथे जुनी घडी आतून छेद देऊन सोडवणे आणि इम्प्लांट वर आणणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. फक्त एक केले तर रेघ तशीच राहते.

या प्रकारात मोजमापाचे स्थान निर्णायक आहे. स्तनाग्रापासून घडीपर्यंतचे अंतर त्वचा पूर्ण ताणून मोजतात. टेबेट्स आणि विल्यम ॲडम्स यांनी २००५ मध्ये मांडलेल्या निर्णयपद्धतीत इम्प्लांटच्या आकारमानाला हे अंतर जोडलेले आहे. ढोबळमानाने ३०० मिलिलिटरला ८ सेंटीमीटर आणि ३७५ मिलिलिटरला ९ सेंटीमीटर. सव्वातीनशे मिलिलिटरच्या इम्प्लांटवर हे अंतर ११ सेंटीमीटर भरत असेल तर खालच्या भागात जास्तीची लांबी आहे हे आकड्यानेच सिद्ध होते. नजरेचा अंदाज येथे फसतो, कारण नजर दुसऱ्या बाजूशी तुलना करते आणि दुसरी बाजूही बिघडलेली असू शकते.

बाहेरच्या दिशेचा दोष स्त्री आडवी झाल्यावर उघड होतो. इम्प्लांट दोन्ही बाजूंना काखेकडे घरंगळते आणि छातीच्या मध्यभागी रुंद मोकळी जागा राहते. गुळगुळीत इम्प्लांट आडवे पडल्यावर थोडे बाहेर जाणे हे नैसर्गिक आहे. स्तनही तसाच पसरतो. दोष तेव्हा म्हणावा जेव्हा उभे राहिल्यावरही ते बाहेर राहते किंवा हाताला लागून हालचालीत अडथळा करते. कारण बहुधा बाहेरच्या सीमेचा अतिविस्तार असते. बरगड्यांचा पिंजराच पुढून मागे तीव्र उताराचा असेल तर तोही हातभार लावतो आणि तो उतार शस्त्रक्रियेने बदलत नाही. बाहेरची सीमा जपण्याचे आणखी एक कारण आहे : चौथ्या आंतरपर्शुकी चेतातंतूची पार्श्व शाखा स्तनाग्राला संवेदना देते आणि ती याच बाजूने येते. येथे अतिविस्तार झाला की आकार आणि संवेदना दोन्ही धोक्यात येतात.

आतल्या दिशेच्या दोषात एक किंवा दोन्ही इम्प्लांट उरोस्थीवर चढतात. टोकाच्या स्थितीत दोन्ही कप्पे एकमेकांत मिळतात आणि मधली दरी नाहीशी होते. उरोस्थीवरची त्वचा हाडापासून सुटून तंबूसारखी उचलली जाते. दोन्ही स्तन हाताने आत ढकलून ही खूण पाहता येते. दोन स्तनांमधील फट कमी करण्याच्या आग्रहापायी मध्यरेषेजवळ केलेले जास्त विच्छेदन आणि उरोस्थीलगतच्या स्नायुतंतूंची तोडणी ही याची मुख्य कारणे. ही फट बरगड्या आणि स्तनग्रंथीची मूळ जागा ठरवतात, शल्यचिकित्सकाची इच्छा नव्हे. सहा प्रकारांपैकी दुरुस्तीला सर्वांत अवघड प्रकार हाच आहे, कारण येथे टाके घ्यायला मऊ ऊती जवळपास नसतात आणि दोन्ही बाजूंचा भार एकाच रेषेवर येतो.

वरच्या दिशेच्या दोषाचे दोन कालखंड वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्या काही आठवड्यांत सूज आणि स्नायूचा ताण यांमुळे इम्प्लांट वर बसल्यासारखे दिसते आणि बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांत खाली येते. हा दोष नव्हे. त्यानंतरही ते वर राहिले तर खालचा भाग पुरेसा सोडवला गेला नव्हता किंवा आवरण आक्रसले आहे, असे दोनच अर्थ संभवतात. आवरणसंकोचाच्या चार श्रेणी जेम्स बेकर यांनी मांडल्या : पहिलीत स्तन नैसर्गिक मऊ, दुसरीत हाताला किंचित कडक, तिसरीत कडकपणा दिसून आकार बिघडलेला, चौथीत त्यात वेदनेची भर. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीत कप्प्याची सीमा नुसती हलवून चालत नाही, कारण तेथे सीमा स्वतःच रोगग्रस्त आहे. इम्प्लांटवर राहिलेला जिवाणूंचा चिकट थर हे या संकोचाचे एक प्रमुख कारण मानले जाते. म्हणून अशा वेळी आवरण काढून नवे इम्प्लांट बसवणे आणि शक्य असेल तर स्तर बदलणे ही दिशा घेतात.

उरलेले दोन प्रकार थोडक्यात. परिभ्रमण, म्हणजे इम्प्लांट जागेवर राहून फिरणे, हा दोष अश्रूच्या थेंबासारख्या आकाराच्या इम्प्लांटमध्येच अर्थपूर्ण ठरतो. गोल इम्प्लांट कितीही फिरले तरी दिसत नाही, फक्त पुढचे मागे उलटले तर सपाटपणा जाणवतो. नवा घट्ट कप्पा किंवा गोल इम्प्लांट, हे दोन उपाय. दुसरा प्रकार आहे हालचालीतील विरूपता : स्नायूखाली बसवलेले इम्प्लांट स्नायू आवळला की वर आणि बाहेर उडी घेते. स्त्रीला कमरेवर हात ठेवून आत दाबायला सांगितले की ते दिसते. ही विरूपता स्नायूखालच्या बहुतेक कप्प्यांत काही प्रमाणात असतेच. प्रश्न तिच्या मात्रेचा आणि त्या स्त्रीच्या कामाचा आहे. पोहणारी, वजने उचलणारी किंवा योगासने शिकवणारी स्त्री आणि दिवसभर बैठे काम करणारी स्त्री यांचा निर्णय एक असू शकत नाही.

निदान झाल्यावर काळाचा प्रश्न येतो. रक्त साचणे, संसर्ग किंवा इम्प्लांट उघडे पडण्याची शक्यता असेल तर विलंब करू नये. त्याखेरीज घाई वर्ज्य. आवरण परिपक्व होईपर्यंत, साधारण सहा महिने, थांबणे योग्य. कारण टाके धरायला जाड आणि पक्के आवरण लागते. या नियमाला एक अपवाद आहे. खालचा किंवा आतला दोष पहिल्याच आठवड्यांत लक्षात आला तर योग्य आधार देणारे अंतर्वस्त्र, घडीवर पट्टी किंवा मध्यभागी दाब यांनी तो कधी कधी रोखता येतो. ‘बसेल हळूहळू’ असे म्हणून प्रत्येक तक्रार सहा महिन्यांवर ढकलणे म्हणजे हा अपवाद विसरणे. वर बसलेले इम्प्लांट बहुतेक वेळा खाली बसेल. खाली घसरलेले मात्र स्वतःहून वर चढत नाही.

प्रतिमाचित्रणाची गरज सर्वांना नसते. पण दोष उशिरा उद्भवला असेल, आकार अचानक बदलला असेल किंवा इम्प्लांट जुने असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून कवच फुटलेले नाही याची खात्री करावी. अमेरिकी नियामक संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सिलिकॉन इम्प्लांटची अशी पहिली तपासणी पाच ते सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करायची असते. शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यानंतर एखाद्या बाजूला अचानक द्रव साचून सूज आली तर तो स्थानदोष समजून शस्त्रक्रियेला घेणे धोक्याचे आहे. त्या द्रवाची तपासणी आधी झाली पाहिजे, कारण वर उल्लेखिलेल्या लिम्फोमाचे ते नेहमीचे पहिले लक्षण आहे.

दुरुस्तीचे सर्व उपाय चार तत्त्वांत सामावतात : चुकलेली सीमा हलवणे, कप्प्याचा स्तर बदलणे, भार कमी करणे, बाहेरून आधार देणे. बहुतेक शस्त्रक्रियांत यांपैकी दोन किंवा तीन एकत्र वापरावी लागतात.

सीमा हलवण्याचे दोन मार्ग आहेत, उघडणे आणि मिटवणे. उघडण्यासाठी आवरणाला आतून छेद देतात. मिटवण्यासाठी आवरणाचे दोन थर टाक्यांनी एकत्र शिवतात किंवा आवरण छातीच्या भिंतीला, बरगडीच्या अस्थ्यावरणाला, बांधतात. हे वाक्य लिहायला सोपे आहे. क्रियेत तीन अटी लपलेल्या आहेत. पहिली, आवरणाची आतली बाजू गुळगुळीत असल्यामुळे तिचे दोन पृष्ठभाग नुसते एकमेकांना लावले तर जुळून येत नाहीत. टाका तुटला की फट पुन्हा उघडते. म्हणून शिवण्यापूर्वी आवरणाची पट्टी काढतात किंवा विद्युतदाहाने पृष्ठभाग खरवडतात, म्हणजे जखम जखमेला मिळते. दुसरी, ज्या बाजूला सीमा मिटवली त्याच्या विरुद्ध बाजूला ती उघडावी लागते. बाहेरची बाजू शिवली आणि आतली तशीच अरुंद ठेवली तर इम्प्लांटला जायला जागा नसते आणि ते टाक्यांवरच रेलून बसते. दुरुस्ती फसण्याच्या कारणांत या अटीकडे झालेले दुर्लक्ष वरच्या क्रमांकावर ठेवावे लागेल. तिसरी, नवी रेषा स्त्री उभी असताना त्वचेवर आखली पाहिजे आणि टेबलावर तिला बसवून पडताळली पाहिजे. आडव्या छातीवर गुरुत्वाकर्षण वेगळ्या दिशेने काम करते. बरगडीजवळ टाके घेताना फुप्फुसाच्या आवरणाला सुई लागण्याचा धोका असतो, म्हणून सुईची दिशा नेहमी हाडाला समांतर ठेवतात.

आवरण पातळ असेल, दोन कप्पे एकत्र झाले असतील किंवा आधी एकदा टाके घालून झाले असतील तर मिटवण्यावर विसंबणे योग्य नाही. येथे दुसरे तत्त्व, स्तरबदल, पुढे येते. ग्रंथीखालून स्नायूखाली किंवा स्नायूखालून स्नायूवर जाता येते. हालचालीतील विरूपतेवर दुसरा मार्ग जवळजवळ एकमेव आहे : इम्प्लांट स्नायूवर आणायचे आणि सुटलेला स्नायू पुन्हा छातीला शिवायचा. अट एवढीच, की स्तनाच्या वरच्या भागात चिमटीत सुमारे दोन सेंटीमीटर जाडीची ऊती यावी. नाहीतर इम्प्लांटची कडा आणि सुरकुत्या त्वचेतून दिसतात. तिसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. पॅट्रिक मॅक्सवेल, स्कॉट स्पिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास वर्णन केलेल्या या पद्धतीत स्नायूची मागची बाजू आणि जुन्या आवरणाची पुढची भिंत यांच्यामधून नवा कप्पा सोडवतात. जुन्या आवरणाची पुढची भिंत खाली पाडून मागच्या भिंतीला शिवली जाते, म्हणजे जुनी पोकळी मिटते. नवा कप्पा चारही बाजूंनी हवा तेवढाच ठेवता येतो आणि जुने आवरण पलीकडे जाण्यापासून अडवणारी भिंत बनते. मध्यरेषेवरचे मिलन दुरुस्त करण्यासाठी हा उपाय विशेष उपयोगी ठरला आहे. आधीच्या शस्त्रक्रियेत आवरण पूर्ण काढून टाकले असेल तर हा मार्ग बंद होतो. कारण नसताना संपूर्ण आवरण काढण्याची जी लाट अलीकडे आली आहे, तिचा हा तोटा क्वचितच सांगितला जातो.

तिसरे तत्त्व, भार कमी करणे. हे सांगायला सर्वांत सरळ आणि मान्य करून घ्यायला सर्वांत कठीण आहे. सैल झालेला कप्पा मोठ्या इम्प्लांटने भरून काढण्याची सूचना अनेकदा स्त्रीकडून येते आणि कधी शल्यचिकित्सकाकडूनही. पहिले काही महिने ती खरी वाटते. परंतु ज्या ऊतींनी ३०० ग्रॅम पेलले नाहीत त्या ४०० पेलतील असे मानायला आधार नाही. दोष परत येतो आणि या वेळी त्वचा अधिक पातळ झालेली असते. ऊतींचा साठा मर्यादित आहे आणि प्रत्येक दुरुस्तीत त्यातला काही भाग खर्च होतो. म्हणून दुरुस्तीत इम्प्लांट बदलायचेच असेल तर ते आधीपेक्षा लहान आणि छातीच्या रुंदीत मावणारे असावे. आकारमान कमी झाल्यावर त्वचा जास्तीची उरते. ती स्तनोन्नयनाने आवरावी लागते आणि त्याचे व्रण स्वीकारावे लागतात. हा सौदा शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट शब्दांत मांडला पाहिजे. वरच्या भागातील उणीव काही वेळा स्त्रीच्याच शरीरातील मेद घेऊन भरता येते.

चौथे तत्त्व आधाराचे. पेशी काढून टाकलेला मानवी किंवा डुकराच्या त्वचेचा पट, अथवा शरीरात हळूहळू विरघळणारी जाळी, आतून खालच्या किंवा बाहेरच्या सीमेवर शिवतात. पॉलि-४-हायड्रॉक्सीब्युटिरेट या पदार्थाची जाळी सुमारे दीड ते दोन वर्षांत विरघळते आणि तोवर तिच्या जागी शरीराचे तंतू भरतात असे अपेक्षित आहे. वारंवार फसलेल्या दुरुस्तीत आणि अतिपातळ ऊतींत या साधनांचे समर्थन करता येते. तथापि त्यांची किंमत मोठी आहे, परकी वस्तू वाढल्याने द्रव साचण्याचा व संसर्गाचा धोका वाढतो, आणि अमेरिकी नियामक संस्थेने स्तनशस्त्रक्रियेतील जाळ्यांची सुरक्षितता व परिणामकारकता आपण निश्चित केलेली नाही असे २०२३ मध्ये कळवले आहे. पहिल्याच साध्या दुरुस्तीत ही साधने सरसकट वापरणे हे विवेकाचे लक्षण नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ दुरुस्तीचाच भाग मानावा. टाके काही आठवडे एकटेच भार पेलतात. जखमेचे तंतू त्यानंतर बळ धरतात. खालची किंवा बाहेरची सीमा बांधली असेल तर आधार देणारे अंतर्वस्त्र रात्रंदिवस सुमारे तीन महिने घालायला सांगतात. मध्यरेषेच्या दुरुस्तीत उरोस्थीवर दाब देणारी रचना वापरतात. वरचा दोष दुरुस्त केला असेल तर उलट, स्तनाच्या वरून पट्टा बांधतात. छातीच्या स्नायूवर ताण आणणारे व्यायाम किमान सहा आठवडे बंद. पहिल्या दिवसांत बांधलेली बाजू किंचित जास्त आवळलेली दिसते, कारण शल्यचिकित्सक मुद्दाम थोडी अतिदुरुस्ती करतो. हे आधी सांगितलेले नसेल तर स्त्री घाबरते आणि नवाच दोष झाल्याचे समजते. इतके करूनही दोष परत येऊ शकतो. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुसरी आणि दुसरीपेक्षा तिसरी कमी खात्रीची असते.

म्हणून दुरुस्तीच्या पर्यायांत इम्प्लांट कायमचे काढून टाकणे हा पर्यायही मांडला गेला पाहिजे. दोन दुरुस्त्या फसल्या असतील, त्वचा फार पातळ झाली असेल किंवा स्त्रीला आणखी शस्त्रक्रिया नको असतील तर तो पराभव नव्हे. इम्प्लांट काढून सहा महिने ते वर्षभर ऊतींना विश्रांती द्यावी आणि मग लहान इम्प्लांट, मेदरोपण किंवा काहीच नाही, यांतून निवड करावी, असा टप्प्याटप्प्याचा मार्गही उपलब्ध आहे. इम्प्लांट हे आयुष्यभराचे साधन नाही हा इशारा अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ पासून लेबलमधील ठळक चौकटीत छापणे बंधनकारक आहे. पहिल्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेतानाच पुढच्या एका तरी शस्त्रक्रियेचा हिशेब धरायला हवा.

भारतात या हिशेबाला आर्थिक बाजूही आहे. विमा नियामक प्राधिकरणाने प्रमाणित केलेल्या वगळणीत सौंदर्यशस्त्रक्रियेचा समावेश आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना अपवादांत मोडते. परिणामी, स्तनाच्या कर्करोगानंतर बसवलेल्या इम्प्लांटची दुरुस्ती आणि केवळ वर्धनानंतरची दुरुस्ती शल्यतंत्रात सारखी असली तरी दुसरीचा खर्च बहुधा स्त्रीलाच उचलावा लागतो. मुंबई-पुण्यात किंवा परदेशात एका ठिकाणी शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या ठिकाणी दुरुस्ती असे घडते तेव्हा आणखी एक अडचण येते : दुसऱ्या शल्यचिकित्सकाकडे पहिल्याची नोंद नसते. इम्प्लांटचे उत्पादक, क्रमांक, आकारमान, रुंदी व पृष्ठभाग, कप्प्याचा स्तर, घडी हलवली होती की नाही, स्नायू कुठे आणि किती सोडवला, शस्त्रक्रियेपूर्वीची स्तनाग्र-घडी अंतरे व छायाचित्रे, एवढी माहिती स्त्रीजवळ असेल तर चुकलेली सीमा शोधण्याचे अर्धे काम तपासणीच्या खोलीतच होते. नसेल तर ते काम भूल दिल्यानंतर, उघडलेल्या कप्प्यात करावे लागते.